काचेची साक्ष

"हिचे किती येतील?"

माळ्यावरची जुनी बाटली पुसून घेऊन येणारा माणूस आधी हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे. वस्तूला बाजारात मोल आहे हे कळले की ती भंगारात जात नाही, आणि भंगारातून वाचलेली वस्तूच पुढे अभ्यासाला उरते. म्हणून या प्रश्नावर नाक मुरडणाऱ्या विद्वानांशी माझे पटत नाही. मात्र उत्तर द्यायला बसले की त्या एका प्रश्नामागून दुसरे प्रश्न येऊ लागतात. ही कोणी केली, कुठे केली, आत काय भरले होते, तुमच्याकडे कशी आली, हिच्याबरोबरच्या बाकीच्या बाटल्या कुठे गेल्या? पुढची पाने या प्रश्नांसाठी आहेत. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी ती लिहिली आहेत. त्याला पदवीची गरज नाही. एक भिंग, एक मोजपट्टी, चांगला उजेड आणि एक वही एवढे पुरे.

सुरुवात बाटलीपासून करावी असे मला मनापासून वाटते. नाण्यावर राजाचे नाव असते, ताम्रपटावर दानाचा मजकूर असतो. त्या वस्तू घडवतानाच कोणीतरी त्या वाचणार हे ठरलेले असते. सोडा, शाई, खोकल्याचे औषध किंवा केसांचे तेल भरायची बाटली करणाऱ्याच्या मनात असे काही नव्हते. ती स्वस्तात व्हावी, फुटू नये आणि झाकण घट्ट बसावे, एवढेच त्याला हवे होते. ते साधताना त्याच्या हातून काचेत जे राहून गेले, ते आपण वाचायचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सगळ्यांत ओळखीची बाटली म्हणजे गोटी सोड्याची. जत्रेत, एस. टी. स्टँडबाहेर, टुरिंग टॉकीजच्या तंबूपाशी ती फट्ट करून फोडलेली अनेकांनी पाहिली आहे. ती जरा जवळून पाहू. काच जाड आणि हिरवट, हाताला चांगलीच जड. खांद्याच्या वर गळा दोन बाजूंनी आवळलेला, त्यामुळे गोटी खाली बाटलीत पडू शकत नाही. ओठाच्या आत एक खाच आणि खाचेत रबराची कडी. बाटली उलटी धरून भरत. गोटी आपल्या वजनाने कडीवर येऊन बसे आणि बाटली सरळ केली की आतल्या वायूचा दाब तिला तिथेच रेटून धरी. बाहेरून बूच नाही, तार नाही, लाख नाही. कोंडलेला वायूच स्वतःला कोंडून ठेवतो. अंगठ्याने किंवा लाकडी टोपीने गोटी आत ढकलली की दाब सुटतो. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्यात एका बाजूला दोन खळगे केलेले असतात. बाटली त्या बाजूने तिरपी केली तर गोटी खळग्यांत अडकते. लहान मुलांना हे कोणी शिकवावे लागत नसे.

ही बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. त्याचा काळ १८३८ ते १८८७ आणि या बाटलीचे पेटंट १८७२ चे. त्याआधी सोड्याच्या बाटलीला बूच मारत आणि ते तारेने बांधत. बूच सुकले की आक्रसते आणि वायू निसटतो. म्हणून विल्यम हॅमिल्टनच्या नावाने ओळखली जाणारी अंडाकृती बाटली प्रचारात आली होती. तिला बूडच नव्हते. ती उभी राहूच शकत नसल्याने आडवी ठेवावी लागे आणि बूच ओले राही. कॉडच्या गोटीने ही कटकट मिटवली. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने आज आपण पाहतो त्या पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतले आणि पश्चिमेतून गोटी हळूहळू गेली. जपानमध्ये ती रामुने नावाच्या पेयात टिकली आणि भारतात गावोगावच्या सोड्यात. उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनी येथे अशा बाटल्या आपल्या काळापर्यंत तयार होत आल्या आहेत.

आता किमतीकडे येऊ. इंग्लंडमध्ये कॉडच्या बाटल्या प्रचंड संख्येने झाल्या. तरीही धड बाटली मिळणे सोपे नाही, कारण आतल्या गोटीसाठी पोरे बाटल्या फोडत. संग्रहात दुर्मीळ असते ती टिकलेली वस्तू. किती झाल्या यावरून किती उरल्या हे कळत नाही. त्यातही बहुतेक बाटल्या हिरवट पाणेरी रंगाच्या. गडद निळ्या काचेची कॉड बाटली मात्र तिथले संग्राहक हजारो पौंड मोजून घेतात. आकार तोच, काम तेच, फरक काचेत मिसळलेल्या चिमूटभर कोबाल्टचा.

पण दुर्मीळ आहे म्हणून मौल्यवान आहे, हे समीकरण पुरे पडत नाही. एखाद्या अप्रसिद्ध औषधाची जगात एकच शिशी उरलेली असू शकते, आणि तिला कोणी विचारत नाही. वस्तू थोडी असावी लागते, ती हवी असणारे लोकही असावे लागतात, आणि ती का हवी हे सांगणारी गोष्ट त्यांना ठाऊक असावी लागते. याचे मला आवडणारे उदाहरण बाटलीचे नाही, तिकिटाचे आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या चित्राची जी टपाल तिकिटे निघाली, त्यांतल्या दहा रुपयांच्या फक्त १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीच्या वापरासाठी 'सर्व्हिस' असा शिक्का छापला गेला. त्यांतल्या चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. कागद तोच, चित्र तेच. वर छापलेल्या एका शब्दाने ती तिकिटे थोडी केली. नव्या देशाच्या पहिल्या वर्षाशी ती बांधलेली असल्याने हजारो लोकांना हवीशीही झाली.

बाटलीचे वय ओळखणे ही या अभ्यासाची पहिली पायरी, आणि इथे शिकणाऱ्याला लवकर यश येते. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून काच होते. लोखंडी नळीच्या टोकाला तो तापलेला गोळा घेऊन कारागीर फुंकर मारी. मान आणि ओठ घडवताना बाटली धरायला तळाला दुसरी सळई चिकटवत आणि शेवटी ती झटका देऊन तोडत. तिचा खरखरीत व्रण तळाच्या मधोमध राहतो. बोट फिरवले की लागतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या बाटलीवर असा व्रण असेल तर ती साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची किंवा त्याच सुमाराची समजतात. पुढे तळाला सळई चिकटवण्याऐवजी बाटली चिमट्यात धरू लागले आणि व्रण नाहीसा झाला. साच्यात फुंकलेल्या बाटलीवर साच्याच्या दोन भागांची जोडरेषा दिसते. ती खांद्यावर किंवा मानेत विरून गेली असेल तर ओठ हाताने, अवजाराने घडवला आहे. कॉडच्या बाटलीत तर ते अपरिहार्य होते, कारण गोटी आत टाकल्याशिवाय ओठ पुरा करता येत नव्हता. जोडरेषा थेट ओठाच्या माथ्यापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३ मध्ये स्वयंचलित यंत्र उभे केले आणि पुढच्या पाव शतकात तिथला फुंकणारा कारागीर जवळजवळ संपला. मुंबईत किंवा पुण्यात हातात आलेल्या बाटलीला या तारखा जशाच्या तशा लावू नयेत. आपल्याकडे जुनी पद्धत नव्याच्या शेजारी दशकानुदशके नांदली. ओळखीची रीत तीच राहते, फक्त वर्षे सांभाळून वापरायची.

काही बाटल्या आपली तारीख उघड सांगतात. दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत १९३५ ते १९६४ या काळात दारूच्या बाटलीवर एक ओळ उठावाच्या अक्षरांत असणे कायद्याने सक्तीचे होते. ही बाटली विकणे किंवा पुन्हा वापरणे गुन्हा आहे, असा तिचा आशय. ती ओळ दिसली की बाटली कोणत्या तीस वर्षांतली हे कळलेच. विषाच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या काचेच्या आणि अंगावर उभ्या धारा असलेल्या करत. दिवा नसताना हात घातला तरी बोटांना कळावे, ही वेगळी बाटली आहे. ज्या घरात रात्री मेणबत्ती घेऊन औषध शोधावे लागे, त्या घराची काळजी त्या धारांत आहे.

रंगाविषयी एक सावधगिरी. वाळूतल्या लोहामुळे काच हिरवट होते. तो रंग मारायला एकेकाळी मँगनीज घालत. अशी पांढरी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी पडते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजऐवजी सेलेनियमचा वापर वाढला, त्यामुळे उन्हाने जांभळी झालेली बाटली बहुधा त्याआधीची धरतात. हे कळल्यावर काही विक्रेत्यांनी साध्या बाटल्या किरणोत्सर्गाखाली ठेवून गडद जांभळ्या केल्या. अस्सल उन्हाचा रंग हलका असतो, हा वांग्याच्या सालीसारखा असतो. अशी बाटली दिसायला देखणी असेलही, पण तिच्या काचेतला पुरावा कायमचा पुसला गेला आहे. तिला मी संग्रहात जागा देणार नाही.

यातूनच वस्तूच्या अवस्थेचा प्रश्न निघतो. बाजारात ओठाचा टवका, अंगावरचा तडा, झिजलेली अक्षरे यांनी किंमत झपाट्याने उतरते. ते समजण्यासारखे आहे. पण जमिनीत पुरलेल्या काचेवर ओलाव्याने जी धुरकट किंवा मोरपंखी झळाळी चढते, तिच्यावर मतभेद आहेत. पाण्याने काचेतले क्षार शतकानुशतके धुऊन नेले की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांवर प्रकाश फुटून रंग दिसतात. रोमन काळातल्या काचेची ही झळाळी संग्रहालये जिवापाड जपतात. एकोणिसाव्या शतकातल्या बाटलीवरचे तेच आवरण मात्र अनेक संग्राहक फिरत्या पिंपात तांब्याचे तुकडे आणि पॉलिश घालून घासून काढतात. बाटली आरशासारखी लखलखते. सोबत अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि ती जमिनीत होती याची खूण जाते. माझा कौल न घासण्याकडे आहे. पाणी आणि मऊ ब्रश यापुढे जाऊ नये.

शिवाय प्रत्येक व्रण म्हणजे हानी नव्हे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपान याची. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा चेहरा त्या घावाखाली चेपला गेला आहे, अक्षरे अर्धवट उरली आहेत. देखण्या नाण्याच्या शोधात असलेल्या माणसाने ती बाजूला सारली असती. पण सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. तिथे खराब झालेली बाजूच बोलते.

आपल्याकडच्या बाटल्यांचा अभ्यास पाश्चात्त्य पुस्तकांच्या मागून जाऊन भागत नाही, हे मला इथे ठासून सांगायचे आहे. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर शहरांचा कचरा पद्धतशीर गोळा होऊ लागला आणि गावाबाहेर राख-कचऱ्याच्या खाणी तयार झाल्या. शंभर वर्षांनी संग्राहक त्या खणू लागले. बाटली ज्या थरात पडली त्या थरातच मिळते, शेजारी त्याच दशकातल्या कपबशीचे तुकडे मिळतात. आपल्याकडे बाटली कचऱ्यात गेलीच नाही. रद्दीवाला-भंगारवाला ती दारातून विकत नेई, ती धुऊन पुन्हा भरली जाई, आणि फुटली तर काच पुन्हा भट्टीत. बिअरच्या बाटलीत रॉकेल, सरबताच्या बाटलीत मध, विलायती व्हिस्कीच्या बाटलीत गोव्याची फेणी. वेताने विणलेल्या मोठ्या गराफांवातून ती ओतून घ्यायला जुनी बाटलीच नेत. म्हणजे आपली बाटली एकाच आयुष्यात चार घरे फिरलेली असते. काचेवरचे नाव कारखान्याचे, चिटोऱ्यावरचे नाव दुसऱ्याच औषधाचे, आणि आतला वास तिसऱ्याच कशाचा तरी. विलायती संग्राहक अशा बाटलीला अशुद्ध म्हणेल. मला ती आपल्या अर्थव्यवहाराची खरी नोंद वाटते. बाटली कधी घडली आणि कधी वापरली गेली, या दोन तारखा आपण नेहमी वेगळ्या लिहाव्यात.

दवाखान्यातली मिक्स्चरची बाटली आठवून पाहा. कंपाउंडर लाल औषध भरी आणि बाटलीच्या अंगावर कागदाची एक पट्टी चिकटवी. पट्टीच्या एका कडेला कात्रीने समान अंतरावर खाचा पाडलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. दुसऱ्यांदा औषध हवे असेल तर बाटली घरूनच आणायची. आज रिकाम्या बाटल्या भरपूर मिळतात. खाचांची पट्टी जागेवर असलेली मात्र क्वचितच दिसते, कारण घरी नेल्यावर ती पहिल्याच धुण्यात गेली. कोणाकडे असेल तर तिला पाणी लावू नका. काचेपेक्षा तो कागद मोलाचा आहे.

स्वदेशी काचेचा इतिहासही असाच घराघरांत विखुरला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून आले. तिथे शिकलेल्या मुलांनी पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्या पेटवल्या. १९१६ मध्ये कराडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले काच कारखाना सुरू झाला. महायुद्धामुळे ऑस्ट्रिया-जर्मनीची काच येणे बंद झाले होते, त्या पोकळीत हे कारखाने तगले. ओगल्यांचा प्रभाकर कंदील तर कोकणापासून विदर्भापर्यंत खुंटीला टांगलेला असे. तळेगावची एखादी चिमणी किंवा बरणी आज बाजारात फार काही मिळवून देणार नाही. तिच्यातले बुडबुडे, वेडीवाकडी जाडी, हिरवट झाक हे परदेशी मालापुढे दोषच होते. पण लोकांनी पैसा-पैसा देऊन उभारलेल्या भट्टीची ती काच आहे. माझ्या लेखी एखाद्या निळ्या विलायती बाटलीपेक्षा ती वरची.

मराठी माणसाने या विषयाकडे पाहिलेच नाही असे मात्र नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये काढला. त्यात उत्खननातल्या मण्यांपासून पुढच्या काळातल्या पात्रांपर्यंतचा पट आहे, आणि तो वाचल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या अशा रोजच्या वस्तू जमवल्या, त्या काळात संग्रह म्हणजे चित्रे आणि शस्त्रे असे मानणारेच अधिक होते. काचेच्या कारखान्यातली साधी बाटली मात्र या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये राहून गेली. पुरातत्त्वाला ती फार नवी, आणि हौशी संग्राहकाला फार मामुली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगतो आहे तिच्याकडे येतो. वस्तू कुठून आली हे ठाऊक असणे हाच मोलाचा सगळ्यांत मोठा वाटा आहे, आणि याचा दाखला बाटलीच्याच जगातून मिळतो. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात १७८७ ची लाफीत वाइन म्हणून एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली गेली. काचेवर 'टीएच. जे.' अशी अक्षरे कोरलेली होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन १७८७ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या देशाचे राजदूत होते, वाइनचे शौकीन होते, म्हणून ही त्यांची बाटली असे मानले गेले. बाटल्या बाजारात आणणारे जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक एवढेच सांगत की पॅरिसमधल्या एका भिंतीआडच्या तळघरात त्या मिळाल्या. कोणते घर, किती बाटल्या, आणखी काय सापडले, हे त्यांनी कधी उघड केले नाही. जेफरसन पै-पैचा हिशेब लिहिणारा माणूस, पण त्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना या बाटल्यांचा माग लागला नाही. अशाच चार बाटल्या घेतलेले अमेरिकन उद्योगपती बिल कोक यांनी पुढे तपास लावला, तेव्हा ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असावीत असे तज्ज्ञांनी सांगितले. काच जुनी असेल, आकार जुना असेल. पण बाटली आणि जेफरसन यांना जोडणारा धागा कुणाच्या तरी तोंडी शब्दापलीकडे कुठेच नव्हता, आणि लाख पौंड त्या धाग्याचेच होते.

याच्या शेजारी तेरचे उदाहरण ठेवावे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी नांगरटीत, पावसाने धुपलेल्या पांढरीत वर येणारे मणी, मृण्मूर्ती, भांड्यांचे तुकडे जमवले. ते व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. पण त्यांची वस्तू तेरची आहे हे निश्चित होते आणि संग्रह एकत्र राहिला. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे उभे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा १९३८ मध्ये पाँपेईच्या राखेतून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे की दख्खन आणि रोम यांच्या व्यापाराबद्दल बोलताना कोणालाही तेरचे नाव घ्यावेच लागते. हीच प्रतिमा गावाचे नाव हरवून एखाद्या दुकानात पोचली असती, तर ती एक सुंदर हस्तिदंती बाहुली ठरली असती. पाँपेईशी तिचे नाते कुणाच्या बोलण्यात आले नसते.

बनावट मालाबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एकच सांगतो. रामदरबार किंवा हनुमान असलेली, १६१६ किंवा १८१८ सालची, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची जाड नाणी अनेक घरांत देव्हाऱ्यात आढळतात. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. पूजेत ठेवायला हरकत नाही, लाखो रुपये देऊन घ्यायला आहे. जुन्या नाण्यांच्या नावाखाली लोकांकडून शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पैसे आधी मागणारा कोणताही खरेदीदार खरा नसतो.

कायद्याचे तीन शब्द प्रत्येक संग्राहकाला पाठ हवेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू येते, म्हणजे १८९० ची बाटलीही त्यात येऊ शकते. ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तिसरे, संरक्षित स्मारकाच्या आवारातून काहीही उचलायचे नाही. गडावर ट्रेकला गेलेल्या मुलांना तोफगोळ्याचा तुकडा किंवा खापर खिशात घालावेसे वाटते, त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे. पण त्यांनी फोटो काढावा, जागा लिहावी आणि वस्तू तिथेच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. उचललेले खापर घरी आल्यावर खापरच राहते.

मग हौशी माणसाने करायचे काय? पुष्कळ. सोड्याच्या कारखान्यांचेच घ्या. दिनशॉजी पांडोळे १८८८ मध्ये पारशी क्रिकेट संघातून इंग्लंडला गेले, परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत सोडा-लेमनेडचा धंदा काढला आणि चेंडू बनवणाऱ्या इंग्रज कंपनीवरून त्याला ड्यूक्स नाव दिले. पुण्यात अर्देशिर यांचा कारखाना १८८४ चा. ही मोठी नावे म्हणून टिकली. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी, छावणीच्या शेजारी, रेल्वे जंक्शनवर एखादी सोडा फॅक्टरी होती. मालक पारशी, इराणी, मुसलमान, मराठी, कोणीही. कोणी बाटलीवर आपले आणि गावाचे नाव उठावाच्या अक्षरांत घालून घेई, म्हणजे ती दुसऱ्याने पळवू नये. मिरज, भुसावळ, देवळाली, मनमाड अशा गावांच्या सोडा कारखान्यांची एकत्र यादी आजवर झालेली नाही. ती बाटल्यांवरून होऊ शकते, आणि ते काम विद्यापीठाच्या खोलीत बसून होणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावर ते होईल.

त्यासाठी नोंद कशी ठेवावी एवढे सांगून थांबतो. बाटली घेतली त्याच दिवशी वहीत लिहावे : कुठे मिळाली, कोणाकडून, त्याने ती कुठून आणली असे सांगितले, आणि किती पैसे दिले. दुकानदार "एका वाड्यातून" म्हणाला तर कोणत्या वाड्यातून हे विचारावे. तो नाही म्हणाला तर "नाही म्हणाला" असेही लिहावे. मग उंची, तळाचा व्यास, रंग, सगळी अक्षरे जशी आहेत तशी, चुकलेल्या स्पेलिंगसकट. तळाचा फोटो, ओठाचा फोटो. वहीतला क्रमांक छोट्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी दोऱ्याने मानेला बांधावी. चिकटपट्टी लावू नये, शाईने काचेवर लिहू नये. गावातल्या म्हाताऱ्या सोडावाल्याशी बोलणे झाले तर त्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवावेत, त्याच्या परवानगीने.

पहिले प्रकरण ओठापासून सुरू होते आणि तळापाशी संपते. ते वाचताना घरातली कोणतीही एक जुनी बाटली जवळ असू द्यावी. लोणच्याची चालेल, शाईची असेल तर फारच उत्तम.